स्वतःचा कर्नल थ्रेड मोडून वर्कक्यूत जाताना काय हातचं सुटतं?

सिंहगडरोड | रविवार, रात्री ११:१०

मंडळी, गेले चार महिने मी एकाच कामात बुडालो होतो, ते परवा संपलं. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतो. इथे ड्रायव्हर लिहिणारे बरेच जण आहेत, आणि मराठीत या विषयावर वाचायला फारसं काही मिळत नाही.

आधी एक खुलासा. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि त्याच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा म्हणजे कर्नल थ्रेड. त्याला मी ‘थ्रेड’च म्हणणार आहे, म्हणजे या चर्चेच्या धाग्याशी घोळ होणार नाही.

आमच्याकडे डिस्कचा एक जुना लिनक्स ड्रायव्हर आहे. तो प्रत्येक डिस्कमागे चार कर्नल थ्रेड उभे करायचा. ६० डिस्कच्या मशीनवर झाले २४०. पीएस कमांडने चालू कामांची यादी काढली की चौकटी कंसातल्या आमच्याच नावांनी पडदा भरून जायचा, आणि त्यातले जवळपास सगळे कायम झोपलेले. हे थ्रेड काढून त्यांचं काम कर्नलच्या वर्कक्यूवर, म्हणजे कामं रांगेत टाकून चालवून घ्यायच्या तयार सोयीवर, टाकायचं, असं ठरलं.

पहिल्याच बैठकीत एकाने विचारलं, मेमरी किती वाचेल? खरं उत्तर असं की काहीच नाही. ६४ बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर एका कर्नल थ्रेडचा स्टॅक (त्याची कामापुरती मेमरी) १६ केबीचा. २४० थ्रेडचे मिळून चार एमबीसुद्धा होत नाहीत. कारण दुसरंच होतं. प्रत्येक थ्रेडमध्ये झोपायचं-उठायचं चक्र कुणीतरी हाताने लिहिलेलं होतं, आणि चार थ्रेडची चार चक्रं चार वेगवेगळ्या माणसांनी चार वेगवेगळ्या वर्षी लिहिली होती.

त्यातलं एक जवळून दाखवतो. झोपण्याआधी थ्रेडने दोन गोष्टी करायच्या असतात. ‘मी आता झोपतोय’ अशी स्वतःची स्थिती लावायची, आणि काम आलंय का ते बघायचं. क्रम हाच हवा. आधी स्थिती, मग तपासणी, मग शेड्युलरला, म्हणजे सीपीयू कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या भागाला, हाक. आमच्या एका चक्रात हे उलटं होतं. आधी रांग बघितली, रिकामी दिसली, आणि स्थिती लावायच्या आतच दुसऱ्या सीपीयूवरून काम रांगेत पडलं व उठवायची हाकही येऊन गेली. थ्रेड तेव्हा जागाच होता, त्यामुळे हाक वाया गेली. मग त्याने स्थिती लावली आणि निवांत झोपला. दोन-तीन आठवड्यांतून एकदा एखादी डिस्क गप्प व्हायची आणि पुढचं काम आलं की आपोआप चालू व्हायची. वर्षभर सगळे केबल बदलत होते.

वर्कक्यूत हे चक्रच तुम्हाला लिहावं लागत नाही. काम म्हणजे एक फंक्शन. ते रांगेत टाकायचं, चालवणारा वर्कर कर्नल देतो. काम न मिळाल्यामुळे झोपणं, उठणं, सीपीयू बंद-चालू झाला तर दुसरीकडे जाणं, लॅपटॉप सस्पेंड होताना थांबणं, हे सगळं एकाच जागी एकदाच आणि नीट लिहिलेलं आहे.

पण स्वतंत्र थ्रेड न बोलता चार वचनं पाळत असतो. तो कायम हजर असतो, मेमरी संपली तरी. तो एका वेळी एकच काम करतो, आलेल्या क्रमाने. त्याची प्रायॉरिटी आणि त्याचे फ्लॅग (वागणं ठरवणाऱ्या खुणा) त्याचे एकट्याचे असतात. आणि यादीत तो त्याच्या नावाने दिसतो. थ्रेड मोडला की ही चारही वचनं त्याच्याबरोबर जातात. वर्कक्यूकडून ती एकेक करून मागून घ्यावी लागतात. आम्ही पहिलं मागायला विसरलो.

झालं असं. मेटाडेटा (डेटाबद्दलच्या नोंदी) लिहिण्याचं काम आम्ही कर्नलच्या सगळ्यांसाठी असलेल्या वर्कक्यूवर टाकलं. आठवडाभर चाचण्या हिरव्या. मग एका मशीनवर मेमरी तळाला गेली आणि मशीन जागच्या जागी थिजलं. लॉगमध्ये १२० सेकंदांहून जास्त अडकलेल्या टास्कची ओळ, एकामागून एक. कागदावर बाण काढत बसलो तेव्हा वर्तुळ दिसलं. मेमरी मोकळी करायला केस्वॅपडीला, म्हणजे ते काम करणाऱ्या कर्नलच्या थ्रेडला, घाण झालेली पानं (बदललेले पण अजून डिस्कवर न गेलेले मेमरीचे तुकडे) आमच्या डिस्कवर लिहायची होती. ती लिहून पूर्ण व्हायला आमचं काम चालायला हवं. त्या पूलमधले, म्हणजे वर्कक्यूमागच्या सामायिक ताफ्यातले, सगळे वर्कर मेमरीची वाट बघत झोपलेले. नवा वर्कर जन्माला घालायला पुन्हा मेमरीच हवी. जुना थ्रेड मशीन चालू झाल्यापासून हजर होता, म्हणून इतकी वर्षं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

उपाय कर्नलमध्ये तयार आहे. स्वतःची वर्कक्यू बनवताना मेम-रिक्लेम फ्लॅग द्यायचा. मग त्या वर्कक्यूसाठी एक राखीव थ्रेड आधीच बनवून ठेवला जातो, त्याला रेस्क्युअर म्हणतात. नवा वर्कर बनवायला वेळ लागू लागला की साधारण १० मिलिसेकंदांत पूल संकटाची हाक देतो आणि रेस्क्युअर येऊन आपलं काम उरकतो. डिस्कवर लिहिण्याच्या वाटेत जे जे येतं, त्या प्रत्येक कामाला हा फ्लॅग हवाच. यात सूट नाही.

तुमच्यापैकी कुणी असे थ्रेड मोडले असतील तर काय काय सुटलं ते लिहा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

नवशिका_नाशिक | सोमवार, सकाळी ७:४५

दादा, लेख दोनदा वाचला. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन प्रश्न. एक, कर्नलला मुळात मागे चालणारे थ्रेड लागतातच कशाला? प्रोग्रॅमने सिस्टीम कॉल केला की तेव्हाच सगळं उरकून का टाकत नाहीत? दुसरा, माझ्या लॅपटॉपचा पंखा दिवसभर घोंगावतो आणि टॉप कमांडमध्ये ‘केवर्कर/०:१’ ७० टक्के सीपीयू खाताना दिसतो. हा तुम्ही म्हणता तोच वर्कर का?

सिंहगडरोड | सोमवार, सकाळी ९:२०

चांगले प्रश्न आहेत तुझे.

पहिल्याचं उत्तर. तू फाईल सेव्ह करतोस तेव्हा डेटा बहुतेक वेळा फक्त मेमरीत जातो आणि तुझा प्रोग्रॅम पुढे सरकतो. डिस्कवर लिहिणं मागाहून होतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये दर ५ सेकंदांनी कर्नल जागा होऊन बघतो आणि ३० सेकंदांहून जुनी पानं लिहायला घेतो. तेव्हा तुझा प्रोग्रॅम कदाचित बंदही झालेला असेल, मग ते काम कुणाच्या नावावर चालणार? दुसरं म्हणजे इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने सीपीयूला मध्येच दिलेली हाक. इंटरप्ट हाताळताना झोपता येत नाही, म्हणजे वाट बघावी लागेल असं काहीच तिथे करता येत नाही. तेव्हा तिथे गरजेपुरतं करायचं आणि उरलेलं नंतर चालवायला कुणाकडे तरी सोपवायचं. हा ‘कुणीतरी’ म्हणजे वर्कर.

दुसऱ्याचं उत्तर. हो, तोच. पहिला आकडा सीपीयूचा, दुसरा त्या पूलमधल्या वर्करचा. शेवटी एच असेल तर जास्त प्रायॉरिटीच्या पूलमधला. आकड्याआधी यू असेल तर कुठल्याही एका सीपीयूला न बांधलेला, आणि तिथे तो आकडा पूलचा असतो. म्हणजे तुझा वर्कर शून्य नंबरच्या सीपीयूचा आहे. पण खातोय तो वर्कर नव्हे, त्याच्या हातात जे काम आहे ते. २०१८ पासूनच्या कर्नलमध्ये वर्करच्या नावापुढे वर्कक्यूचं नावही दिसतं. आधी अधिक चिन्ह असेल तर ते काम आत्ता चालू आहे, उणे असेल तर ते शेवटचं केलेलं. पीएसने पूर्ण नाव बघ. नाही कळलं तर रूट होऊन प्रोक फोल्डरात त्या पीआयडीची (प्रोसेसच्या नंबराची) स्टॅक फाईल पाच-सहा वेळा लागोपाठ वाच. जे फंक्शन पुन्हापुन्हा दिसेल त्याच्या मागे लाग. काय दिसलं ते इथे टाक.

जुनं_लोखंड | सोमवार, दुपारी ३:०५

वाचून फार बरं वाटलं. थोडा इतिहास जोडतो, कारण आज जे सरळ दिसतं त्याच्यामागे बरीच वर्षं आहेत.

कर्नल २.४ च्या काळात मागून लिहिण्याचं काम बीडीफ्लश आणि केअपडेटेड हे थ्रेड करायचे. २.५ मध्ये त्यांच्या जागी पीडीफ्लश आला. तो एक छोटा पूल होता. सगळ्या मशीनसाठी मिळून कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ८ थ्रेड. सगळे सेकंदभर गुंतलेले राहिले तर एक नवा बनवायचा, एखादा सेकंदाहून जास्त रिकामा राहिला तर त्याने निघून जायचं. वाचायला सुंदर. गोम अशी की हे आठ जण सगळ्या डिस्कना सामायिक होते. एका हळू डिस्कच्या रांगेत थ्रेड अडकला की तो बाकीच्यांसाठी गेलाच.

मी तेव्हा सांगलीला एका डीटीपीवाल्याची मशीनं बघायचो. लग्नसराईत पत्रिकांच्या फाईली घेऊन लोक पेनड्राइव्ह पुढे करत उभे. एका स्वस्त पेनड्राइव्हवर मोठी फाईल कॉपीला लावली की त्याच मशीनवर दुसऱ्या हार्डडिस्कवर चालू असलेलं सेव्हसुद्धा लटकायचं. माउस हलतोय, खिडकी उघडत नाही. मालक म्हणायचे, अहो, पेनड्राइव्ह हळू असेल तर पेनड्राइव्हपुरतं हळू चालू दे ना, बाकीच्यांनी काय केलंय? कर्नलच्या रचनेवर इतकी नेमकी टीका मी नंतर कुठल्या कागदात वाचलेली नाही.

त्या अडकण्यात सगळा दोष पीडीफ्लशचा नव्हता, हेही सांगायला हवं. किती पानं घाण झाली की लिहिणाऱ्याला रोखायचं, ही मर्यादा पूर्वी सगळ्या डिस्कना मिळून एकच होती. २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ मध्ये ती डिस्कनिहाय वाटली जाऊ लागली. थ्रेडचा प्रश्न सुटला तो २.६.३२ मध्ये, २००९ च्या डिसेंबरात. कर्नल डेव्हलपर येन्स आक्सबो यांनी पीडीफ्लश काढून टाकला आणि प्रत्येक डिस्कला तिचा स्वतःचा फ्लशर (मागून लिहिणारा) थ्रेड दिला. पीएसमध्ये फ्लश-८:० अशी नावं दिसायची, आठवत असतील तुम्हाला. आता एक डिस्क अडली तर तिचाच थ्रेड अडायचा.

मग तुमच्या ड्रायव्हरचं झालं तेच तिथे झालं. थ्रेड बनवणं, रिकामा झाला की संपवणं, डिस्क काढली की थांबवणं, या साऱ्याचा कोड फुगत गेला. २०१३ ला ३.१० मध्ये कर्नल डेव्हलपर तेजुन हो यांनी तो सगळा काढून फ्लशरचं काम न बांधलेल्या वर्कक्यूवर नेलं. थ्रेड गेले, पण डिस्कनिहाय वेगळेपण राहिलं, कारण आता प्रत्येक डिस्कचं वेगळं काम आहे. पेनड्राइव्ह अडला तर एक वर्कर झोपतो, पूल दुसरा वर्कर काढतो.

चार वर्षांच्या आत दोनदा फिरवलेली ही रचना मला दरवेळी शिकवून जाते. पीडीफ्लशचा ‘एक पूल सगळ्यांना’ हा विचार चुकला नव्हता. त्या पूलला आपला माणूस झोपलाय हे वेळेवर कळत नव्हतं, तिथे तो कमी पडला.

सिंहगडरोड | सोमवार, दुपारी ४:४०

काका, शेवटच्या दोन ओळींसाठी मनापासून आभार. नेमकं हेच २०१० मध्ये बदललं आणि मी वर ते लिहायलाच हवं होतं.

त्याआधी वर्कक्यू होती, २००२ पासून. पण प्रत्येक वर्कक्यू दर सीपीयूमागे स्वतःचा थ्रेड ठेवायची. ९६ सीपीयूच्या मशीनवर एका वर्कक्यूचे ९६ थ्रेड. सीपीयू वाढत गेले तसं काही मशीनवर नुसतं बूट होईपर्यंत ३२ हजारांची नेहमीची पीआयडी मर्यादा भरत आली, हे कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात नोंदलेलं आहे. आणि एवढे थ्रेड असून एका सीपीयूवर एका वर्कक्यूचं एका वेळी एकच काम चालायचं. ते झोपलं की मागची सगळी खोळंबली. म्हणून जो तो स्वतःची नवी वर्कक्यू काढायचा आणि थ्रेड अजून वाढायचे.

२.६.३६ मध्ये तेजुन हो यांनी हे मुळापासून बदललं. वर्कक्यू आणि थ्रेड यांची ताटातूट केली. थ्रेड सगळ्यांच्या सामायिक पूलमध्ये, आता दर सीपीयूला दोन पूल, एक साधा आणि एक जास्त प्रायॉरिटीचा. खरी करामत शेड्युलरशी जोडण्यात आहे. वर्कर कुठल्याही कारणाने झोपायला निघाला की शेड्युलर पूलला सांगतो. पूल बघतो, काम शिल्लक आहे आणि या सीपीयूवर धावणारा वर्कर आता कुणी नाही? मग रिकाम्यांपैकी एकाला उठवतो. एक धावतोय तोवर दुसऱ्याला उठवत नाही. गरजेपेक्षा जास्त उरलेले वर्कर पाच मिनिटं रिकामे राहिले की त्यांना निरोप.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. तुमचं काम न झोपता नुसतं आकडेमोड करत राहिलं, तर पूलच्या लेखी वर्कर धावतोय, सगळं ठीक. त्या सीपीयूवरची बाकीची कामं ताटकळतात. आमचं चेकसमचं (डेटा बिघडला नाही ना हे आकडेमोडीने तपासायचं) काम असंच होतं, ते न बांधलेल्या वर्कक्यूवर नेलं. ६.५ पासून, म्हणजे २०२३ पासून, १० मिलिसेकंदांहून जास्त सीपीयू धरून बसलेलं काम कर्नल स्वतः ओळखतो आणि हिशेबातून वगळतो. पण त्यावर विसंबून आळस करू नये असं माझं मत आहे.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:३०

क्रमाच्या वचनाचा तुम्ही एवढा बाऊ का केलाय ते कळलं नाही. वर्कक्यू बनवताना एका वेळी किती कामं चालू द्यायची त्याची मर्यादा देता येते. ती १ ठेवा, झाला क्रम. आम्ही दोन वर्षं तेच वापरतोय.

सिंहगडरोड | सोमवार, रात्री १०:१५

कृपा करून उद्या सकाळी पहिल्यांदा तो कोड उघडा. सीपीयूला बांधलेल्या वर्कक्यूवर ही मर्यादा प्रत्येक सीपीयूमागे लागू होते. १ ठेवली तर एका सीपीयूवर एक, पण ९६ सीपीयूंवर एकाच वेळी ९६ कामं चालू शकतात. तुमची दोन कामं दोन सीपीयूंवरून रांगेत पडली तर कुठलं आधी होईल याची काहीही हमी नाही. मिळते ती हमी एवढीच की तेच एक काम एकाच वेळी दोन वर्करच्या हातात जात नाही.

क्रम हवा असेल तर ऑर्डर्ड वर्कक्यू मागायची. त्यासाठी वेगळा कॉल आहे. ती पूर्ण मशीनभर एका वेळी एकच काम चालवते, रांगेत आलं त्या क्रमाने. हवं ते स्पष्ट मागा. पुढे कोड वाचणाऱ्यालाही कळतं की इथे क्रम जाणूनबुजून मागितलाय.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ११:५०

उघडला. बांधलेलीच निघाली. आमच्या इथे लॉगच्या दोन नोंदी कधीतरी उलट्या क्रमाने यायच्या आणि आम्ही त्या वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सॉर्ट करून घेत होतो. दोन वर्षं! आज बदललं. धन्यवाद, सर.

इसारकाठ | मंगळवार, दुपारी १:३०

म्युनिकहून लिहितेय. कारखान्यातल्या यंत्रांचे कंट्रोलर आमच्याकडे बनतात आणि त्यांवर रिअल-टाइम, म्हणजे ठरल्या वेळेत काम होण्याची हमी देणारा, लिनक्स चालतो. मला थोडी उलटी बाजू मांडायची आहे. हा धागा वाचून कुणी सरसकट सगळे थ्रेड मोडायला निघू नये.

आमच्याकडे एक सेन्सर दर मिलिसेकंदाला वाचावा लागतो. ते काम एका सहकाऱ्याने वर्कक्यूवर ठेवलं होतं. उशीर व्हायला लागला तेव्हा त्याने बाहेरून त्या केवर्करची प्रायॉरिटी वाढवली. दुपारपर्यंत सगळं छान. जेवून आलो, यंत्र बंद असताना वर्कर रिकामा राहिला आणि पूलने त्याला निरोप दिला. नवा आलेला वर्कर साध्या प्रायॉरिटीचा. आणि तो होता तोवरही ती वाढीव प्रायॉरिटी कुणाकुणाच्या कामाला मिळाली असेल कोण जाणे. वर्कर सामायिक आहे. त्याला वैयक्तिक काही चिकटवायचं नाही.

जिथे वेळेची हमी हवी तिथे स्वतःचा थ्रेडच योग्य. पण तोही हाताने चक्र लिहून नाही. केथ्रेड-वर्कर नावाची सोय आहे. रांग आणि कामं वर्कक्यूसारखी, पण मागे तुमचा स्वतःचा एकच थ्रेड. एसपीआय या चिप्स जोडणाऱ्या बसचा कर्नलमधला गाभा तेच वापरतो आणि गरज पडल्यास त्या थ्रेडला रिअल-टाइम प्रायॉरिटी देतो. इंटरप्टसाठी थ्रेडवाली सोय २००९ मध्ये २.६.३० पासून आहे. तिथल्या थ्रेडला फिफो या रिअल-टाइम प्रकारची ५० प्रायॉरिटी आपोआप मिळते. रिअल-टाइम पॅच मुख्य कर्नलमध्ये २०२४ ला ६.१२ मध्ये आल्यापासून आम्हाला सोर्स कोडची वेगळी झाडं सांभाळावी लागत नाहीत, याचा आनंद काय सांगू.

अजून एक. काही सीपीयू फक्त नियंत्रणाच्या कामासाठी राखून ठेवले असतील तर न बांधलेल्या वर्कक्यूंना त्यावरून हटवता येतं. सिस फोल्डरात वर्कक्यूखाली सीपीयूमास्कची फाईल आहे. बांधलेल्या वर्कक्यू मात्र हटत नाहीत, त्यांचं काम तिथे टाकायचंच नाही हाच उपाय.

सिंहगडरोड | मंगळवार, रात्री ८:००

ताई, तुमचं अगदी पटलं. आम्हीही चारातला एक थ्रेड ठेवलाय, तो शेवटी सांगतो. आणि ‘वैयक्तिक काही चिकटवायचं नाही’ यावरून आठवलं. आमच्या जुन्या थ्रेडने सुरुवातीलाच स्वतःवर एक फ्लॅग लावला होता, की या थ्रेडमध्ये मेमरी मागितली तर ती मिळवण्यासाठी डिस्कला हात लावू नको. एकदाच लावला, कायमचा राहिला. कामाचं फंक्शन वर्कक्यूत नेताना ती ओळ तशीच आली. म्हणजे सामायिक वर्करवर फ्लॅग लागला आणि काढलाच नाही. पुढे त्या वर्करच्या हाती येणारं दुसऱ्या कुणाचंही काम नकळत तोच निर्बंध घेऊन चालणार. हे आमच्या चाचणीत सापडलं नाही, रिव्ह्यूमध्ये एकीने पकडलं. आता प्रत्येक कामाच्या सुरुवातीला जुनी स्थिती जपून फ्लॅग लावतो आणि शेवटी होती तशी परत करतो. त्यासाठी कर्नलमध्ये जोडीचे कॉल आहेत.

खाडीपल्याड | मंगळवार, रात्री ११:४०

विंडोजच्या ड्रायव्हरांत बरीच वर्षं काढली, म्हणून एक भर. तिथेही सिस्टीमचे सामायिक वर्कर थ्रेड आहेत. जुन्या कॉलने काम रांगेत टाकलं आणि ते चालायच्या आत ड्रायव्हर अनलोड झाला, तर वर्कर रिकाम्या जागेत उडी मारायचा. नवा कॉल डिव्हाइस ऑब्जेक्ट धरून ठेवतो, त्यामुळे काम संपेपर्यंत ड्रायव्हर जात नाही. लिनक्समध्ये ही काळजी तुमची तुम्हीच घ्यायची ना? मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कोड, कर्नलमधून काढताना तुम्ही काय करता?

सिंहगडरोड | बुधवार, सकाळी ८:३०

हो, आपली आपणच. आमचा सगळ्यात जास्त वेळ याच भागात गेला.

जुन्या थ्रेडला ‘थांब’ सांगायचं आणि तो थांबेपर्यंत वाट बघायची, एवढंच असायचं. आता क्रम असा लागतो. आधी नवं काम येण्याचे रस्ते बंद करायचे, म्हणजे इंटरप्ट आणि टायमर. मग प्रत्येक काम रद्द करून, चालू असेल तर संपेपर्यंत थांबायचं. शेवटी वर्कक्यू मोडायची. पहिली पायरी चुकली की रद्द केलेलं काम टायमर पुन्हा रांगेत टाकतो.

इथे एक सापळा आहे. रद्द करून थांबताना आपल्या हातात एक लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) होता आणि तोच लॉक कामाचं फंक्शन मागत होतं. आपण कामाची वाट बघतोय, काम लॉकची वाट बघतंय. लॉकडेप हे लॉकच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन चालू ठेवलं होतं म्हणून प्रत्यक्ष अडकायच्या आधीच इशारा मिळाला. डेव्हलपमेंटच्या मशीनवर लॉकडेप बंद ठेवू नका, हळू चाललं तरी चालेल.

दुसरा सापळा रेस्क्युअरचा. मेम-रिक्लेम दिलेल्या वर्कक्यूतल्या कामाने, तसा फ्लॅग नसलेल्या वर्कक्यूतल्या कामाची वाट बघितली तर हमी तिथेच तुटते. कर्नल याचा स्पष्ट इशारा लॉगमध्ये छापतो. आमच्याकडे तो एका कोपऱ्यात दिसला होता आणि कुणीतरी ‘नुसती वॉर्निंग आहे’ म्हणून सोडून दिला होता. आणखी खोलात, एकमेकांची वाट बघणारी दोन कामं एकाच वर्कक्यूत असतील तर एकटा रेस्क्युअर दोघांना सोडवू शकत नाही. पहिलं काम घेऊन बसला की दुसऱ्याला कोण घेणार? म्हणून मेटाडेटा आणि जर्नल (बदलांची नोंदवही), अशा दोन वेगळ्या वर्कक्यू केल्या, दोघींचे रेस्क्युअर वेगळे.

हे सगळं तपासायला २ जीबीचं आभासी मशीन घेतलं, मेमरी खाणारा एक प्रोग्रॅम सोडला आणि आमच्याच डिस्कवर स्वॅप (मेमरीतली पानं बाहेर ठेवायची जागा) ठेवला. जुन्या चुकीच्या आवृत्तीवर मशीन काही मिनिटांत थिजायचं. नव्यावर तीन दिवस चालवलं. हळू झालं, रांगलं, पण थांबलं नाही.

आता हिशेब सांगतो. चारातले तीन थ्रेड गेले. राहिला तो डिस्कच्या फर्मवेअरशी बोलणारा. त्याला उत्तराची वाट बघत कधीकधी मिनिटभर बसावं लागतं, वाटेत अर्धवट स्थिती सांभाळावी लागते आणि तो अडकला तर यादीत त्याच्या नावानेच दिसायला हवा. पण तोही दर डिस्कमागे नाही, दर कंट्रोलरमागे एक, केथ्रेड-वर्कर वापरून. २४० चे झाले ४, आणि वर दोन रेस्क्युअर. चौथं वचन, नावाचं, थोडं कठीण गेलं. आधी सपोर्टची माणसं पीएस बघून सांगायची की अमुक डिस्कचा थ्रेड अडकलाय. आता त्यांना वर्कक्यूचं नाव दिसतं, डिस्क दिसत नाही. म्हणून काम सुरू होताना आणि संपताना डिस्कच्या नावासकट ट्रेसपॉइंट (कोडमधल्या नोंद करणाऱ्या जागा) टाकले. सपोर्टच्या लोकांबरोबर दोन दुपारी बसून ते वाचायचे कसे हे दाखवलं. हे काम वेळापत्रकात कुणीच धरलेलं नव्हतं, पुढे कुणी असं करणार असेल तर जरूर धरा.

नवशिका_नाशिक | गुरुवार, रात्री १०:२०

दादा, सापडलं! पीएसमध्ये पूर्ण नाव ‘केवर्कर/०:१+केएसीपीआयडी’ असं दिसलं. म्हणजे एसीपीआयचं (वीज, झाकण, बटणं सांभाळणाऱ्या व्यवस्थेचं) काम आणि अधिक चिन्ह, सतत चालूच. मग सिस फोल्डरात फर्मवेअरखाली एसीपीआयच्या इंटरप्टांची मोजणी असते तिथे बघितलं. बाकी सगळे आकडे दोन-तीन अंकी, आणि एकच फाईल दर सेकंदाला हजारोंनी वाढतेय. त्या एका फाईलीत डिसेबल लिहिलं आणि पंखा अक्षरशः दहा सेकंदांत शांत झाला. आई आतून विचारत होती, बंद पडला का तुझा लॅपटॉप?

सिंहगडरोड | गुरुवार, रात्री १०:५५

शाब्बास! आता शून्य नंबरचाच सीपीयू का, तेही सांगतो. काही मशीनचे बायोस (मशीनचं मूळ फर्मवेअर) दुसऱ्या सीपीयूवरून ही कामं केली तर बिघडायचे, म्हणून कर्नल बराच काळ एसीपीआयची कामं मुद्दाम सीपीयू शून्यवर टाकत आला आहे.

पण डिसेबल करणं हा तात्पुरता उपाय. ती घटना कुठल्यातरी खऱ्या गोष्टीसाठी असते, कदाचित झाकण, कदाचित ब्राइटनेसची बटणं. काय चालेनासं झालंय ते बघ, आणि लॅपटॉपच्या बायोसची नवी आवृत्ती आहे का तेही बघ.

नवशिका_नाशिक | शनिवार, दुपारी १२:१५

ब्राइटनेसची बटणं बंद पडली होती. बायोस अपडेट केला, रीस्टार्ट केलं, डिसेबल न करता तीच फाईल वाचली. सकाळपासून आकडा १४ वर आहे. बटणं चालतात. आता तुमचं उलट्या क्रमाचं चक्र स्वतः लिहून, ती वाया गेलेली हाक आभासी मशीनवर पकडून बघणार आहे.